गाडीवानाचं राजवस्त्र

जावा बेटावर, योग्याकार्ताजवळच्या गावात शूटिंग चाललं होतं. सिनेमा दीडशे वर्षांपूर्वी घडणाऱ्या एका कादंबरीवरचा: सरदाराचा गाडीवान चारचौघांत बंडखोरांना चिठ्ठ्या पोचवतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कपड्यांच्या सल्लागार होत्या वार्सियेमबाई, तिथल्या भाषेत बू वार्सियेम. त्यांची आई राजवाड्यासाठी बाटिक काढायची. लेकीचं नाव पडद्यावर झळकणार म्हणून गल्लीतल्या साऱ्या बाटिकवाल्या चूक काढायला टपून बसल्या होत्या. आणि गाडीवान झालेला गुनादी ‘पारांग’ नेसून हजर! ती तिरप्या पट्ट्यांची नक्षी त्या काळी राजघराण्याबाहेर कुणी नेसायची सोय नव्हती.

“मास हेंदार्तो, हा गाडी हाकणार की राज्य?” त्यांनी दिग्दर्शक हेंदार्तोला विचारलं.

“बू, जाकार्तातल्या लोकांना काय कळतंय? पडदा भरलेला दिसला पाहिजे.”

“आणि मला शोभतं ते,” गुनादी आरशापुढून हलेना.

बू वार्सियेमना भयंकर राग आला. पण त्या वाद न घालता चिंचेखाली जमलेल्या गावकऱ्यांत जाऊन बसल्या. त्या काळची माणसं वागतील तसं वागा, एवढंच त्यांना सांगितलेलं.

“वागा की,” बू म्हणाल्या. “फक्त कोण काय नेसलंय ते नीट बघा.”

गाडी आली. गाडीवान दिसताच सगळे झटकन उकिडवे बसले आणि जोडलेले हात नाकाशी नेले. सरदार उतरून चालू लागला, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. साऱ्या नजरा गुनादीवर. चिठ्ठी द्यायची कशी? तेवढ्यात एक आजीबाई कळवळून म्हणाल्या, “महाराज, आज गाडी तुम्ही हाकताय? गाडीवानाला ताप आलाय का?”

कॅमेरामन पोट धरून हसत खाली बसला.

“बू, हे तुम्ही शिकवलंत!” हेंदार्तो ओरडला.

“मी? हे त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलंय.”

गुनादीला साध्या माणसांचा जाडाभरडा पट्ट्यापट्ट्यांचा लुरिक चढवला. त्याचं तोंड एवढंसं झालं. गाडी पुन्हा आली, सरदार उतरला, लोक त्याच्यापुढे बसले. काम झकास झालं.

“कट! गुनादी, चिठ्ठी द्यायची विसरलास!”

“दिली की,” गुनादी फुरंगटून म्हणाला.

भाजीवाली झालेल्या बाईने टोपलीतून चिठ्ठी काढून दाखवली. हेंदार्तोने घाईघाईने चित्रण मागे नेऊन पाहिलं. चिठ्ठी दिली होती, अगदी त्याच्या डोळ्यांदेखत.