बुरशी नव्हती

बाबांना आत नेलं आणि ऑपरेशन थिएटरचं दार मिटलं. ताई दाराशी उभी राहिली ती उभीच. बस म्हटलं तरी बसेना.

अकरा वर्षं ती याच थिएटरमध्ये सिस्टर होती. पण घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत थांबायचं नाही, असा तिथला नियम. त्यामुळे आज पहिल्यांदाच ती दाराच्या या बाजूला होती आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे.

धाकटी बाकावर बसली होती, डाव्या हातावर पिशवी ठेवून.

बाबांच्या मानेवर, जबड्याच्या खाली, सुपारीएवढी गाठ होती. पूर्ण भूल द्यायची नव्हती. गुंगीचं औषध आणि नाकाशी ऑक्सिजनची नळी. चाळीस मिनिटांचं काम. आत जाताना बाबा, जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, सर्जनला म्हणाले होते, "टाका बारीक घाला हं, मला दिसणार आहे आरशात." सर्जन हसला नव्हता. त्याची आज आणखी चार ऑपरेशन्स होती.

"मानेचं ऑपरेशन म्हणजे सगळं जवळजवळ," ताई म्हणाली. "ऑक्सिजन तिथेच, स्पिरिट तिथेच, कॉटरी तिथेच."

कॉटरी म्हणजे रक्त थांबवायला जागा जाळणारं विजेचं पेन. त्याआधी कातडीला लावतात त्या औषधात स्पिरिट असतं. ते तीन मिनिटं वाळू द्यायचं. नाही दिलं तर वाफ चादरीखाली साठते, त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि पेनाची एक ठिणगी पुरते.

दोन वर्षांपूर्वी ती ठिणगी पडली होती. हाच सर्जन एका बाईच्या भुवईवरची गाठ काढत होता आणि ताई शेजारी उभी होती. दिव्यांच्या झगमगाटात ती निळी ज्योत कोणाला दिसलीच नाही. बाई ओरडली तेव्हा कळलं. ताईने चादर ओढून काढली, पाणी ओतलं, पण गाल भाजला तो भाजलाच. चौकशीच्या कागदावर ताईने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'औषध ओलं आहे हे मला दिसत होतं. मी बोलले नाही.' तेव्हापासून थिएटरमध्ये तीन मिनिटांचा नियम आला. नव्या आलेल्या प्रत्येक सिस्टरकडून ताई तो इतका घोकून घ्यायची, की पोरी तिला पाठीमागे 'घड्याळ' म्हणत.

आज आत होती ती सर्वांत नवी. इतकी भित्री की सगळे तिला ससुली म्हणायचे.

"ती बोलेल का गं?" ताईने विचारलं.

"बोलेल की."

"सर्जनने डोळे वटारले की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही."

चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. दार उघडलं आणि सफाईच्या मावशी चादरींचं बोचकं घेऊन बाहेर आल्या. ताईने पुढे होऊन बोचकं हातात घेतलं, नाकाशी नेलं.

"ओली आहे ही. स्पिरिट आहे."

"असेल. बदल म्हणाल्या, बदलली."

"कोण म्हणालं? कॉटरी सुरू केली होती का? मावशी, आत झालंय काय?"

"मला काय ठाऊक बाई! आवाज चढलेत एवढं खरं," असं म्हणून मावशी निघून गेल्या.

आतून सर्जनचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. मग एकदम शांतता. ताईने दाराला हात घातला.

"ताई, नको!" धाकटीने उठून तिचं मनगट धरलं. डाव्या हाताने धरलं. घाईत बाही वर सरकली.

ताई थबकली. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लाल आणि चकचकीत झाली होती, मध्ये फुटलेले दोन फोड.

"कुकरची वाफ म्हणाली होतीस."

"हो ना."

"वाफेचं भाजणं मला दाखवू नकोस. हातमोजा वितळलाय इथे. कशाने?"

धाकटी बाकावर बसली.

ती पिकांच्या प्रयोगशाळेत काम करायची. खाऱ्या जमिनीत तग धरणारं भाताचं वाण तयार करायचं चाललं होतं. तिथले जुने मदतनीस काका साखर आणि क्षार उकळून माध्यम, म्हणजे पेशींचं खाद्य, बाटल्यांत भरायचे. त्यावर भाताच्या दाण्यातून पेशींचे पिवळसर गोळे वाढवायचे, जिवाणूंच्या मदतीने त्यांच्यात नवं जनुक सोडायचं, ज्यांनी ते घेतलं नाही ते गोळे औषधाने मरू द्यायचे आणि उरलेल्यांतून पुन्हा अख्खं रोप उभं करायचं. चौदा महिन्यांनी नऊ बाटल्यांत हिरवे कोंब आले होते. कोंब एका बाटलीतून दुसरीत हलवायचे तर हात, चिमटे, सगळं निर्जंतुक हवं. त्यासाठी स्वच्छ हवेच्या कपाटात शेजारी-शेजारी दोन गोष्टी असतात, स्पिरिट आणि ज्योत.

"शनिवार होता. सगळे गेले होते," ती म्हणाली. "मला लवकर आवरायचं होतं. मोज्यांवर स्पिरिट मारलं आणि तसाच हात बर्नरकडे नेला. मोजा पेटला. मी हात झटकला तर स्पिरिटचं भांडं आडवं झालं. कपाटभर आग, ताई. ओलं फडकं टाकून विझवली. पण नऊच्या नऊ बाटल्या गेल्या."

"आणि प्रयोगशाळेत सरांना काय सांगितलंस?"

"बुरशी आली म्हणून सगळं फेकलं, असं."

ताईने फोडांना लागू न देता तिची बाही खाली सरकवली. हेच धाकटीला नको होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्या कपाटापुढे आता कोण बसतं?" ताईने विचारलं.

"सगळेच. पाळीपाळीने."

"आणि भांडं तिथेच असतं? ज्योतीच्या शेजारी?"

धाकटीने मान डोलावली. ताई पुन्हा दाराकडे वळली. धाकटी उठली, जिन्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन खिशात ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"सर, बुरशी नव्हती. आग लागली होती. माझ्या चुकीने."

तिने शनिवारचं सगळं सांगितलं.

"मी बुरशी समजून माध्यमाच्या दोनशे बाटल्या फेकल्या," सर म्हणाले. "खोली दोनदा धुतली. आणि काकांना बोललो. सगळ्यांसमोर. वीस वर्षं तो माणूस माध्यम करतोय, मी त्याला म्हटलं तुम्ही आता नीट उकळतही नाही. हे आता कोण निस्तरणार?"

"मी सांगते काकांना."

"तूच सांग." फोन बंद झाला.

ती परत आली तेव्हा दार उघडं होतं. ससुली ताईसमोर उभी होती, कपाळावर टोपीचा वळ उमटलेला, ओठ पांढरे.

"औषध मानेखाली ओघळलं होतं. चादर भिजली होती," ती धापा टाकत सांगत होती. "सर्जनसरांनी पेन उचललं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, वाळलंय. मी... मी पेनाची वायरच काढली, ताई. मग चादर बदलली आणि पुन्हा तीन मिनिटं. ते खूप बोलले मला."

"बाबा?"

"ठीक आहेत. आत बडबड चाललीय त्यांची."

ताईने तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि इतकं घट्ट दाबलं की ससुली कळवळली. मागून सर्जन आला. "गाठ साधी दिसते. तपासणीचा अहवाल येऊ दे," एवढं म्हणून, ससुलीकडे न बघता तो हात धुवायला गेला. पुढच्या आठवड्यात ससुलीला वॉर्डात पाठवल्याचा कागद आला. ताई तो कागद घेऊन तीन साहेबांच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठे तो मागे घेतला गेला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी धाकटी प्रयोगशाळेत गेली तेव्हा काका माध्यमाच्या खोलीत साखर तोलत होते. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही.

"सहा दिवस मी भांडी घासतोय," ते म्हणाले. "वाटलं, माझाच हात गेला. घरी सांगून बसलो की आता सोडतो नोकरी."

"काका, मी..."

"काम करू दे."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. बाटल्या भरून तिच्या टेबलावर ठेवायचे आणि जायचे. स्पिरिटचं भांडं कपाटातून बाहेर गेलं, त्याच्या जागी विजेवर तापणारी नळी आली, चिमटे निर्जंतुक करायला. धाकटीने जपून ठेवलेल्या जुन्या गोळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. बरेच गोळे काळे पडले. रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आधी ती बाटल्या उजेडात धरून बघायची, आणि दिवसातून चार वेळा उगाच.

आठव्या आठवड्यात दोन गोळ्यांवर हिरवे ठिपके दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे. जनुक आत टिकलंय की नाही हे तपासणीशिवाय कळणार नव्हतं. ती बाटली फिरवून फिरवून बघत होती, तेवढ्यात काका नव्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आले. ते दाराकडे वळले, थांबले.

"किती?"

"दोन."

"हं," ते म्हणाले, आणि चष्मा वर करून त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला.