दारातला तीन

ओकिरोर मास्तरांनी पेपर पुन्हा चाळले. आठाच्या वर्गाचं घनमूळ घातांकात लिहायचं होतं, म्हणजे आठाचा घात दोन छेद तीन. अठ्ठावीसपैकी सव्वीस मुलींनी तीन छेद दोन लिहिलं होतं.

"सव्वीस जणींची एकच चूक? ही कॉपीच," मुख्याध्यापिका अमोनिंगबाई सकाळी कडाडल्या होत्या. "दुपारपर्यंत उलगडा झाला नाही, तर एकीलाही वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही."

सोरोटी शहरातल्या या शाळेत मास्तरांना एकोणतीस वर्षं झाली होती. आपलं शिकवणं कुणाला कळतं का, ही शंका रोजचीच. पण कॉपी?

त्यांनी वर्गातल्या हुशार आपोलोटला बोलावलं.

"कुणाचं पाहून लिहिलंस?"

"कुणाचंच नाही, सर! तुम्हीच सांगितलंत. मूळचिन्ह म्हणजे घर. आत दोन, दारात तीन. अपूर्णांकात एक वर खुर्चीवर, दुसरा खाली चटईवर."

"हो ना. आतला खुर्चीवर, दारातला चटईवर. मग उलटं का केलंस?"

आपोलोटनं मान खाली घातली. "सर, दारातला म्हणजे पाहुणा. पाहुण्याला चटईवर बसवलं तर आजी माझी चामडी लोळवेल. आम्हाला वाटलं, तुमची जीभ घसरली. मोठ्या माणसाला कसं टोकायचं? म्हणून ज्या त्या मुलीनं मनातच सुधारून घेतलं."

मास्तर स्वतःही या मुलींसारखे तेसो जमातीचेच. लहानपणी आई पाहुण्याची चाहूल लागताच त्यांना खुर्चीवरून हुसकावायची. हे आपण विसरलो? त्यांच्या राहत्या खोलीत एकच खुर्ची. बायको गेल्यापासून अकरा वर्षं तिच्यावर तेच बसत होते. दारात कुणी आलंच नव्हतं.

ते तडक अमोनिंगबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अहो मास्तर, चेहरा काय झालाय तुमचा! बसा आधी." बाईंनी उठून स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि खाली पुस्तकांच्या पेटीवर टेकल्या.

मास्तर बसले नाहीत. खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले, "बाई, तुम्हीही आत्ता तीन छेद दोनच लिहिलंत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाई आधी खुर्चीकडे, मग आपल्या पेटीकडे बघत राहिल्या. सव्वीस नावांची यादी त्यांनी हळूच फाडली.