मगभर हिराकस

खरं सांगतेय, अक्षर न् अक्षर खरं! खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता तुमच्या ओंजळीत पडोत. फेसाने कावळा गिळला. या डोळ्यांनी पाहिलं मी. कठड्यावर बसला होता, ओरडायला चोच उघडली आणि गेला.

हसू नका. त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होतो. रंगखात्यात नाही हं, पार मागे, रंगाचं घाण पाणी यायचं तिथे. दिसायला सरबतासारखं लाल, पण विष. तसंच ओढ्यात सोडलं तर मासे उलटे होऊन तरंगायचे. म्हणून आधी ते उंच टाकीत घ्यायचं. त्यात ॲसिड, मग हिराकस, म्हणजे ते लोखंडाचे हिरवे खडे, आणि मग पंपाने हळूहळू पेरॉक्साइड. हिराकस आणि पेरॉक्साइड एकत्र आले की त्या विषाचे तुकडे तुकडे करतात. अर्ध्या तासात लालाचं पिवळट होतं. शेवटी चुना घातला की गाळ खाली, निवळ पाणी वर.

क्रम मात्र चुकवायचा नाही. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हिराकस नसेल तर पेरॉक्साइड नुसतं साचत जाईल. दबा धरून बसेल. नंतर त्यात हिराकस पडलं तर सगळं एकदम उसळेल."

आणि त्या दिवशी जाऊबाई हिराकस टाकायला विसरल्या. माणूस आहे, विसरतं. घरी भाजीत मीठसुद्धा विसरायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "मुद्दाम नाही घातलं. तुझा नवरा आधीच खारट आहे."

पंप चालू होता. तासाभराने टाकीत डोकावले तर पाणी लालच. कागदाची पट्टी बुडवली. पेरॉक्साइड उरलं असलं की ती निळी होते. माझी पट्टी काळीनिळी झाली. कोपऱ्यात पाहिलं, तर हिराकसाचं पोतं शिवलेलंच.

 पंप बंद केला. टाकीत ढवळणी गुमान फिरत होती. साधा बुडबुडा नाही. इतकी शांत टाकी मी कधी पाहिली नव्हती.

साहेब धावत आले. "घाण पाण्याचा वरचा हौद काठोकाठ आलाय! ही टाकी मोकळी झाली नाही तर लाल पाणी ओढ्यात जाईल. टाका ते पोतं!"

"साहेब, तुम्हीच तर सांगितलं होतंत..."

"मी काय सांगितलं ते मला शिकवू नका! टाका!"

पोतं उसवलं. पण हातच होईना. एक मग टाकला, नुसता एक. आधी काहीच नाही. मग टाकीच्या पोटात गुरगुर झाली आणि फेस वर आला, तपकिरी, वाफाळता, कठड्याच्याही वर. तोच तो कावळ्याचा फेस. फेस खाली बसला तसा मी टाकीला हात लावला, तर चटका.

एका मगाला हे. पोतं टाकलं असतं तर?

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "पळा," म्हणाले.

"पळा काय?" जाऊबाई म्हणाल्या. "खालच्या वस्तीतल्या बाया या वेळी ओढ्यावर धुणं धुतात. साहेब, तुम्ही पळताच आहात तर रंगखात्याकडे पळा. संध्याकाळपर्यंत पाणी थांबवा."

साहेब गेले. जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"अर्धा अर्धा मग टाक. मी खाली उभी राहून टाकीवर पाणी मारते, म्हणजे गार राहील."

"अहो जाऊबाई, खाली? फेस उतू गेला तर तुमच्याच अंगावर येईल!"

"म्हणून सांगतेय, हात बेताने चालव. मला उकडलंस ना, तर रोज स्वप्नात येऊन भांडेन."

नळी घेऊन त्या खाली उतरल्या. वरून मला त्या दिसत नव्हत्या. नुसता पाण्याचा आवाज यायचा.

अर्धा मग. गुरगुर. फेस चढायचा. फेस उतरायचा. टाकीला हात लावायचा. "जाऊबाई?" खालून आवाज, "आहे गं!" परत अर्धा मग. "जाऊबाई?" "आहे गं, कुठे जातेय!"

किती वेळा, ते मोजलं नाही. पण एकदा मगात अर्ध्याहून जास्त भरलं गेलं आणि तसंच टाकीत पडलं. फेस कठडा ओलांडून खाली गेला.

"जाऊबाई?"

पाण्याचा आवाज बंद.

"जाऊबाई! अहो!"

 खाली वाकून बघायची हिंमत होईना. मग पाणी पुन्हा वाजलं.

"आहे गं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "ओरडू नकोस. मग सांडशील."

संध्याकाळी पाणी पिवळं झालं. पट्टी बुडवली, पांढरीच राहिली. जाऊबाई वर आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पांढराफटक होता आणि त्यावर फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. आम्हाला दोघींना समोर उभं केलं. "हिराकस कोण विसरलं?" विचारताना माझ्याकडेच बघत होते. 

जाऊबाई पुढे झाल्या. "मी," म्हणाल्या.

कागद आला. त्यांना लिहिता येत नव्हतं. फोडांचा अंगठा शाईत बुडवला, पण ठसा उठेना, नुसता डाग. कारकून म्हणाला, "परत." त्यांनी परत बुडवला. 

त्यांना कामावरून काढलं. मी पुढे एकोणीस वर्षं त्याच टाकीवर होते. पंप सुरू करायच्या आधी रोज हिराकसाचं रिकामं पोतं उलटं करून झटकायची, तरी मन मानायचं नाही. जाऊबाई घर बघायच्या. हात पूर्वीसारखा वळला नाही, भाकऱ्या मी करायची. त्या दिवसाबद्दल त्या घरात कुणाशी कधी बोलल्या नाहीत. त्या जाईपर्यंत मी त्या बोलायची वाट पाहिली.

तर हे असं. बाकी सगळं खरं आहे, एक गोष्ट तेवढी मी रचली. हिराकस टाकायची पाळी त्या दिवशी जाऊबाईंची नव्हती. त्या खाली चुना कालवत होत्या. पाळी माझी होती.