खालून येणारा किरण

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता लातूरच्या एका कॅन्सर रुग्णालयात किरणोपचाराचं मशीन सुरू होता होता थांबवलं गेलं. टेबलावर उदगीरकडचे शेतकरी बसलिंगप्पा उताणे पडले होते. आठवड्यातून एकदा तपासणीचा फोटो काढतात, त्यात त्यांच्या दोन खांद्यांमध्ये, मणक्यावर, एक पांढरा गोल दिसत होता. आधीच्या फोटोत तो नव्हता.

गाउन उचलल्यावर पाठीशी दोऱ्याने बांधलेली चांदीची छोटी पेटी सापडली. आत त्यांचं इष्टलिंग होतं, लिंगायत माणूस जन्मभर अंगावर बाळगतो ते शिवलिंग. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते अंगावर होतं. ते उतरवणं त्यांच्या लेखी मरणच. पेटीखालची कातडी काळी पडून सोलली होती.

बसलिंगप्पांची गाठ अन्ननलिकेत आहे, दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध. उपचाराची आखणी भौतिकतज्ज्ञ उज्वला यांची. मशीनमध्ये दोन ऊर्जांचे किरण आहेत. जास्त ऊर्जेचा किरण खोल जातो, कातडीला जपतो. पण फुप्फुसात हवा असल्याने तिथे त्याची कड पसरते आणि गाठीच्या काठाला मात्रा कमी पडते. म्हणून उज्वलांनी कमी ऊर्जा निवडली होती. उघड्या कातडीला ती बहुधा सोसते. धातू मध्ये आला की त्याला टेकलेली कातडी भाजते आणि त्यामागच्या गाठीपर्यंत कमी पोचतं.

उपचाराच्या वेळी हात डोक्यावर घ्यावे लागतात. सुरुवातीला बसलिंगप्पा पेटी मुठीत धरत. तंत्रज्ञ शेषेराव थट्टा करायचे, अप्पा, मुठीत सोनं हाय का म्हणून. त्यांचं गिळणं कमी झालं, अशक्तपणा वाढला, आणि गेल्या आठवड्यात मूठ सैल होऊन पेटी फरशीवर पडली. मुक्कामाच्या खोलीवर पोचेपर्यंत अप्पा रडत होते, असं मुलगा संगमेश सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यानेच ती पाठीवर बांधली. मशीनचं डोकं वर असतं, म्हणजे किरण वरून पडणार, पाठीला काही होणार नाही, असं त्याला वाटलं. नातेवाइकांना टेबलापर्यंतच जाऊ देतात. दार लागल्यावर ते डोकं टेबलाभोवती फिरतं आणि खालूनही किरण सोडतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. शेषेरावांना मूठ रिकामी दिसली; पेटी मुलाकडे दिली असेल असं धरून त्यांनी विचारलं नाही.

उज्वलांनी संगमेशला आत बोलावून सांगितलं, दंडाला बांधली असती तरी चाललं असतं.

"मीच बांधलो, मॅडम," संगमेश म्हणाला. "इचारायचं सुचलंच न्हाई."

"पोराला बोलू नका बाई," बसलिंगप्पा टेबलावरून म्हणाले. "टोचायलं होतं. मीच सांगितलो न्हाई. देव टोचला तर कुणाला सांगायचं?"

त्या दिवसापासून पेटी दंडाला आहे. उपचार मात्र बंद आहेत. गाठीला नेमकं किती कमी पोचलं, याचा उज्वलांनी अंदाज काढला. पेटी रोज थोडी सरकत असणार, त्यामुळे नक्की आकडा मिळत नाही. भरपाईसाठी त्यांनी दोन्ही ऊर्जांच्या आखण्या करून पाहिल्या. जास्त ऊर्जेत जखम वाचते, गाठीचा काठ सुटतो. कमी ऊर्जेत काठ सापडतो, पण जखमेतून किरण जातो. किरण बाजूंनी वळवले तर भार फुप्फुसांवर येतो, आणि अप्पांना आधीच धाप लागते. डॉक्टरांनी कमी ऊर्जाच ठेवायची ठरवली, पण जखमेवर नवी कातडी धरल्यावर. मधल्या काळात गाठ वाढू शकते, हे त्यांनी संगमेशला बाहेर नेऊन सांगितलं. वडिलांना त्याने ते अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवारी नांदेडहून मुलगी राजकन्या आंबील घेऊन आली. दोन घोट उतरले, तिसरा परत आला.

शनिवारी दुपारी ड्रेसिंग बदललं. जखम ओलीच होती.