न शिकवलेलं

रॉस्को टिल्मन शिकवायला उभा राहिला की आधी पोरांच्या हातातला चेंडू काढून घ्यायचा.

"चेंडू शेवटी," तो म्हणायचा. "आधी पाय, मग डोळे, मग हात. एवढं जमलं की चेंडू आपणहून येतो. जाईल कुठे बिचारा?"

ओहायो नदीच्या काठावर हॅलम्स फेरी नावाचं गाव आहे, तिथला हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. नाव 'नावाडी'. रॉस्को या संघात चौदा हंगाम रिसीव्हर होता. रिसीव्हरचं काम सांगायला सोपं आहे. वाऱ्यासारखं पळत सुटायचं, दूरवरून फेकलेला तो दोन्ही टोकांना निमुळता चेंडू झेलायचा, आणि झेलल्यावर अंगावर कोसळणाऱ्या माणसांचा मार खायचा. रॉस्कोचं वय होतं छत्तीस. या खेळात छत्तीस म्हणजे पिकलं पान.

त्या जुलैत कोच व्हॅन होर्नने त्याला खोलीत बोलावून सरळ सांगितलं, "दोन पोरं आणलीयत. तुझी जागा घेणार ती. तूच त्यांना तयार कर. नीट केलंस तर पुढच्या वर्षी रिसीव्हरांचा गुरू म्हणून मी तुलाच ठेवीन."

रॉस्कोला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याला शिकवायला आवडायचं. आणि मैदान सुटलं तर आपण सकाळी उठून जायचं कुठे, हे त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे पुढच्या वर्षीची ती जागा त्याच्या लेखी फार मोठी होती.

पोरांपैकी क्विन्सी बोल्डन बावीस वर्षांचा, उंच, तोंडाचा पट्टा अखंड चालू. जेलानी मॅथिस एकवीसचा, बुटका आणि घुमा. दोघांनी पहिल्याच दिवशी रॉस्कोचं बारसं केलं.

"आजोबा, गुडघ्यांना तेल घातलंत का? आवाज येतोय."

"येऊ दे. त्या आवाजाने तरी जागा राहशील. पळ!"

सराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्याची चाचणी होती. संघाच्या डॉक्टर डॅल्टनबाई पाच शब्द सांगायच्या, थोड्या वेळाने ते परत विचारायच्या, काही आकडे उलटे म्हणायला लावायच्या, आणि गुण लिहून ठेवायच्या. पुढे सामन्यात कोणाच्या डोक्याला मार बसला की हीच चाचणी पुन्हा. गुण जुलैपेक्षा घसरले तर गडी बाहेर.

रॉस्कोने दोघांना बाहेर गाड्यांपाशी गाठलं.

"पाचपैकी तीनच शब्द सांगायचे. आकड्यांतही एकदा अडखळायचं."

"म्हणजे?" क्विन्सी हसला. "आजोबा, तुम्ही नापास व्हायला शिकवताय?"

"आत्ता जरा कमी पडलास, तर मार लागल्यावरही तेवढाच कमी पडशील. मग कोण बाहेर काढणार तुला? जुने सगळे हेच करतात."

जेलानीने नुसती मान डोलावली. दोघांनी सांगितल्याबरहुकूम तीन-तीन शब्द सांगितले. रॉस्कोनेही तीनच सांगितले. तो गेली सात वर्षं तीनच सांगत होता.

त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी याच मैदानावर तो चेंडू झेलायला हवेत उडाला आणि समोरच्या गड्याचं हेल्मेट त्याच्या डाव्या कानावर आदळलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाकावर बसवून पाच शब्द सांगितले. रॉस्कोला चार आठवले: कंदील, मेंढी, जिना, लिंबू. पाचवा आठवेना. "चार पुरेत," डॉक्टर म्हणाले, आणि तो पुन्हा मैदानात गेला. त्यापुढची संध्याकाळ त्याच्या आयुष्यातून कोणी कापून नेल्यासारखी गेली होती. सामना कसा संपला, घरी कसा पोचलो, काहीच आठवत नव्हतं. राहिली होती ती फक्त कानातली घरघर, दूर कुठेतरी फ्रिज चालू असल्यासारखी. ती वाढली की तो तळहाताने डावा कान तीनदा दाबायचा. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. ते म्हातारे डॉक्टरही आता हयात नव्हते.

ऑगस्टभर त्याने पोरांना घासूनपुसून तयार केलं. एक डोळा झाकून टेनिसचे चेंडू झेलायला लावले. ओल्या गवतात अनवाणी वळायला लावलं. पोरं भराभर उचलत होती. जरा जास्तच भराभर. सप्टेंबरात क्विन्सी मैदानात उतरला आणि लोक "टिल्मन! टिल्मन!" म्हणून ओरडले. रॉस्को बाकावर बसला होता. शेजारचा गडी म्हणाला, "मी शपथेवर सांगितलं असतं की तूच पळतोयस."

रॉस्कोला अभिमान वाटला. शिकवणाऱ्याला याहून काय हवं?

ऑक्टोबरमध्ये एकदा जेवणाच्या टेबलावर क्विन्सीने वाटीतली राजमा-खिम्याची चिली खाता खाता चमचा खाली ठेवला आणि तळहाताने डावा कान दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. मग पुन्हा चमचा उचलला.

रॉस्कोचा घास तोंडातच राहिला. "काय रे ते?"

"कुठे काय?"

"कानाला काय झालं?"

"काही नाही हो. कधीमधी घरघरतं. फ्रिज चालू असल्यासारखं."

रॉस्कोने समोर बघितलं. पलीकडे जेलानी मान खाली घालून पाव मोडत होता. त्याचा डावा तळहात कानावर होता.

या दोघांना या हंगामात एकदाही डोक्याला मार बसला नव्हता. रॉस्कोने प्रत्येक सामना डोळ्यांत तेल घालून बघितला होता. त्याने त्यांना पाय दिले, डोळे दिले, हात दिले. हे दिलं नव्हतं. मग हे यांच्याकडे आलं कुठून?

"डॉक्टरबाईंना सांगा," तो म्हणाला.

"आणि बाहेर बसू? वा आजोबा! नापास कसं व्हायचं ते तुम्हीच शिकवलंत ना?" क्विन्सीने डोळा मारला.

पुढच्या आठवड्यात सराव संपल्यावर क्विन्सी रॉस्कोशेजारी गवतावर येऊन बसला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात नेहमीचा फटकळपणा नव्हता.

"आजोबा, एक गंमत सांगू? मला एकसारखं एक स्वप्न पडतं. मी पुलावरून गाडी चालवतोय. निळा ट्रक आहे, उजव्या दाराला पोचा पडलाय. संध्याकाळ आहे. पुलाच्या मधोमध मी गाडी थांबवतो आणि उतरतो. खाली नदी. आणि मला कळतच नाही की माझं घर कुठल्या काठाला आहे. मागून गाड्या भोंगे वाजवतायत. मी कठड्याला धरून उभाच. मग एक बाई येते, मला हाताला धरून ट्रकमध्ये बसवते."

"कोण बाई?"

"माहीत नाही. तिच्या अंगावर बेकरीचा ॲप्रन आहे. हाताला पिठाचा वास येतो." तो हसला, पण ते हसू लगेच मावळलं. "माझ्याकडे कधी ट्रक नव्हताच हो."

रॉस्कोकडे होता. निळा. उजव्या दाराला पोचा पडलेला. क्विन्सी या गावात यायच्या कितीतरी आधी त्याने तो विकला होता. आणि पलीकडच्या काठावर बेकरी चालवणारी बाई गेली आठ वर्षं रस्त्यात भेटली की त्याचा हात हातात घेऊन "आता बरं आहे ना रे?" विचारायची. ती असं का विचारते हे त्याला कधीच उमगलं नव्हतं.

त्याची हरवलेली संध्याकाळ या पोराकडे होती. त्याच्या स्वतःकडे नव्हती.

रॉस्को त्या दिवसापासून शिकवायचा थांबला. पाठ दुखते म्हणाला, गुडघा दुखतो म्हणाला. पण उशीर झाला होता. पोरं त्याच्याकडे बघून शिकण्याच्या पलीकडे गेली होती. तो बाकावर बसल्या बसल्या अंग वळवायचा आणि मैदानातले दोघेही त्याच क्षणी खांदा हलवायचे.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी, लख्ख उन्हात, क्विन्सी झेलासाठी हवेत उडाला आणि समोरच्या गड्याचं हेल्मेट त्याच्या डाव्या कानावर आदळलं. तो आवाज रॉस्कोला कानाने ऐकू आला नाही. त्याच्या दाढांमध्ये वाजला.

क्विन्सी उठला, स्वतःच्या पायांनी चालत आला, बाकावर बसला. डॅल्टनबाई कागद घ्यायला वळल्या होत्या. तेवढ्यात क्विन्सी जमिनीकडे बघत हळू आवाजात, कविता म्हणावी तसं पुटपुटला, "कंदील, मेंढी, जिना, लिंबू, सुतळी."

सुतळी.

आठ वर्षं रॉस्को त्या शब्दाच्या मागे होता. दात घासताना, अंगणातलं गवत कापताना, चर्चमध्ये डोळे मिटल्यावर. हाच होता तो.

डॅल्टनबाईंनी आपले पाच शब्द सांगितले. वेगळेच होते. काही मिनिटांनी विचारले. क्विन्सीला तीन आठवले. त्यांनी जुलैच्या कागदाशी ताडून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तेव्हाही तीनच होते. मला डोळे ठीक दिसत नाहीत तुझे, पण..."

"माझे डोळे जन्मापासून असेच आहेत, बाई," क्विन्सी म्हणाला आणि हेल्मेटकडे हात नेला.

"बोल्डन! येतोयस की नाही?" कोच ओरडला.

रॉस्को उभा राहिला. आत्ता गप्प बसलं की पुढचं वर्ष पक्कं. बोललं की सगळं संपलं. आणि गप्प बसलं तर क्विन्सी आज संध्याकाळी कुठल्या तरी पुलाच्या मधोमध उभा असेल. त्याने वाकून क्विन्सीच्या आधी ते हेल्मेट उचललं.

"बाई, त्या जुलैच्या कागदाला काही अर्थ नाही. तो मुद्दाम कमी पडला होता. मीच शिकवलं होतं."

क्विन्सी उसळला. "खोटं! म्हाताऱ्याला जागा परत पाहिजे! मी बाहेर बसलो की कोण जाणार आत? हाच!"

कोचलाही तेच वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "रॉस्को, अरे, लाज वाटत नाही?"

पोराचं बरोबर होतं. कोणालाही असंच वाटलं असतं. रॉस्कोने बाकाखालून स्वतःचं हेल्मेट काढलं आणि दोन्ही हेल्मेटं डॅल्टनबाईंच्या हातात दिली.

"मीही सात वर्षं मुद्दाम कमी गुण घेतोय. डावा कान आठ वर्षं घरघरतोय माझा. एक संध्याकाळ मला आठवत नाही. मी आज खेळणार नाही, उद्याही नाही. आणि तो जेलानी," त्याने मैदानाकडे बोट केलं, "त्यालाही बाहेर काढा. त्यालाही मीच शिकवलंय."

कोच दोन पावलं जवळ आला. "पुढच्या वर्षाचं आपलं बोलणं झालं होतं ना? झालंच नाही असं समज."

"समजलो."

डॅल्टनबाईंनी दोघांना मैदानाच्या कडेच्या खोलीत नेलं, टेबलावर शेजारी शेजारी बसवलं आणि हेल्मेटं कपाटात टाकून कुलूप लावलं. क्विन्सीने रॉस्कोकडे पाठ फिरवली होती.

"कधी लागलं होतं?" बाईंनी रॉस्कोला विचारलं. "तारीख?"

रॉस्को तोंड उघडणार तोच क्विन्सीने भिंतीकडे बघत तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष. त्या वर्षी तो चौदाचा होता आणि तीन राज्यं पलीकडे शाळेत जात होता.

"तुला नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

"तोंडातून कसं निघालं मला कळलं नाही," क्विन्सी म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "बाई, मला का माहीत आहे हे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या एकदा त्याच्याकडे, एकदा रॉस्कोकडे बघत राहिल्या. मग दार उघडून जेलानीला बाहेर काढायला मैदानाकडे पळत गेल्या.

खोलीत दोघंच उरले. रॉस्कोने पोराच्या पाठीवर हात ठेवला. पोराने तो झटकला नाही.

आणि मग त्या दोघांचेही हात एकदम वर आले आणि हवेत मिटले. बाहेर लोक ओरडले ते त्यानंतर. जेलानीने चेंडू झेलला होता.

झेलानंतर काय येतं हे दोघांनाही ठाऊक होतं. रॉस्कोने जबडा आवळला. शेजारी क्विन्सीने डोळे गच्च मिटले. दोघांनी श्वास रोखला आणि वाट बघितली.

ते आलं नाही.

शिट्टी वाजली. थोड्या वेळाने दार उघडलं आणि डॅल्टनबाईंच्या पुढे जेलानी आत आला, घामाने निथळत, बोडक्या डोक्याने.

"काय आजोबा हे?" घुमा जेलानी आज तक्रारीच्या सुरात बोलत होता. "आणखी वीस पावलं सहज पळालो असतो! कशाला बोलावलंत रेषेबाहेर? बाहेर पाय पडला की खेळ थांबतो ना!"

"मी?"

"मग कोण? रेषेवर उभे राहून दोन्ही हात हलवत होतात ना? 'बाहेर ये, बाहेर ये.' तुमचं ऐकून आलो बाहेर. तो धिप्पाड गडी मागे पोचलाच होता, एका बोटाच्या अंतराने हुकलो त्याला."

रॉस्कोने डॅल्टनबाईंकडे बघितलं. बाईंनी सावकाश मान हलवली.

"मी तिथे पोचायच्या आधीच हा रेषेबाहेर आला होता," त्या म्हणाल्या. "रेषेवर कोणीही नव्हतं."

जेलानी कधी बाईंकडे, कधी रॉस्कोकडे बघत राहिला. टेबलाखाली लोंबणारे रॉस्कोचे पाय त्याला दिसले. बुटांचे बंद सुटलेले होते. त्या पायांनी कोणी रेषेपर्यंत गेलं नव्हतं.

"चांगलं केलंस बाहेर आलास ते," रॉस्को म्हणाला. मग तो जरा सरकला, क्विन्सीलाही त्याने कोपराने सरकायला लावलं, आणि दोघांच्या मधे टेबलावर जागा केली. "बस इथे. बाई जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. अडलं तर अडलं."