सुरूवरचे सुरवंट

समिधा घाबरट आहे, हे हाटकेश भागातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. लेकीला झोपाळ्यावर बसवण्याआधी साखळी ओढून बघणारी बाई ती! म्हणूनच सेक्रेटरी जितेशभाई निर्धास्त होते.

कंपाउंडमधलं सुरूचं झाड त्यांना पाडायचं होतं. निमित्तही आयतं मिळालं. झाडावर बोटाएवढे केसाळ सुरवंट आले आणि समिधाच्या चार वर्षांच्या आरोहीच्या मानेवर लाल चट्टे उठले. महापालिकेचा माणूस पाहणीला आला तेव्हा जितेशभाईंनी समिधालाच पुढे केलं.

"साहेब, ये बच्ची की माँ. सांगा ना भाभी, काय हाल झाले पोरीचे!"

समिधानं आरोहीला कडेवर घट्ट धरलं.

"हाल झाले, खरंय. पण तुम्ही वॉचमनला पलिता देऊन सुरवंट जाळायला लावलेत, त्या सकाळी झाले. त्यांचे केस धुराबरोबर उडून थेट आमच्या खिडकीत आले. त्याआधी आठवडाभर पोर इथेच खेळत होती, काही झालं नव्हतं."

"अरे भाभी, आप तो सबसे ज़्यादा डरती हो!"

"घाबरते म्हणूनच खिडकीत उभी असते. तिथून सगळं दिसतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाकावर बसलेल्या तिच्या सासूबाई, गोडदेव गावच्या जिजाबाई, म्हणाल्या, "पोरीला मी घोंगडीनं पुसली, केस निघालं. आता तिला काय न्हाय. झाडाला कशाला दोस देता?"

"म्हणजे हे किडे पाळायचे?" जितेशभाईंनी विचारलं.

"यांचे भाऊबंद हिमालयात पाइनची झाडंच्या झाडं खातात," समिधा म्हणाली. बीएस्सीचं शिक्षण आज कामाला आलं. "इथे पाइन कुठला? तशाच सुईसारख्या पानांच्या सुरूवर भागवतायत बिचारे. कोष करतील, पतंग होऊन उडून जातील. तोवर झाडाला दोरीचं कुंपण घाला, झालं."

"मग पार्किंग?" जितेशभाईंच्या तोंडून निसटलंच.

पालिकेच्या माणसानं झाडावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "पार्किंगचं तुम्ही बोलला नव्हतात."

झाड राहिलं. संध्याकाळी समिधानं कपडे वाळवायची नायलॉनची दोरी आणून स्वतःच कुंपण घातलं. दोघी मायलेकी दोरीबाहेर, हात मागे बांधून, वर बघत उभ्या राहिल्या. एक सुरवंट फांदीवरून सावकाश सरकत होता. समिधाच्या अंगावर काटा आला.

मागून जितेशभाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

"मम्मी, अंकल..."

"वाजवू दे," समिधा न वळताच म्हणाली. "तू हात मागेच ठेव."