साइटवरचे अकरा दिवस

फॉर्म एका पानाचा होता. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सहा महिने एखाद्या ऑफिसात काम करायचं आणि शेवटी त्या ऑफिसच्या आर्किटेक्टने हा फॉर्म भरून, सही करून द्यायचा. चंद्रप्रकाश नेरूरकरांनी अशा बऱ्याच फॉर्मांवर बारा वर्षांत सह्या केल्या होत्या. पण वाचायला ते आज पहिल्यांदा बसले होते, कारण फॉर्म भरणारी त्यांची बायको रत्नप्रभा गेल्या दिवाळीत वारली होती.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पत्रं, बिलं, महापालिकेची कागदपत्रं सगळं ती बघायची. फॉर्म भरून पुढे ठेवायची आणि म्हणायची, "वाचून सही करा हो." ते म्हणायचे, "तू लिहिलंयस ना? मग झालं." आणि सही ठोकायचे.

चौथ्या रकान्यात प्रश्न होता : साइटवर प्रत्यक्ष किती दिवस काम केले? त्याखाली बारीक अक्षरात, किमान पंचेचाळीस.

"बेला," त्यांनी हाक मारली, "तू साइटवर किती दिवस गेलीस गं?"

बेला मिरांडा ड्रॉइंग बोर्डावरून उठून आली. वाकोल्याच्या गावठाणातली मुलगी. तिचा हात शाईच्या कामात इतका साफ होता, की चंद्रप्रकाशांनी सहा महिने तिला ट्रेसिंगवरून हलूच दिलं नव्हतं.

"चार दिवस, सर. त्यातला एक दिवस तुमची छत्री द्यायला गेले होते."

"इथे पंचेचाळीस हवेत."

"सगळे पंचेचाळीसच लिहितात, सर. आमच्या वर्गातली एक मुलगी तर काकांच्याच ऑफिसात होती. घरी बसून पंचेचाळीस झाले तिचे."

चंद्रप्रकाशांनी पेन उघडलं. मग आधी आपण काय लिहीत होतो ते बघावं म्हणून कपाटातून जुनी फाइल काढली. रत्नप्रभाने प्रत्येक फॉर्मची कार्बन कॉपी ठेवली होती. चौदा कागद होते. तिच्या गोल, टापटीप अक्षरात चौथ्या रकान्यात आकडे होते : सहा. नऊ. तीन. अकरा. एका मुलाच्या पुढे तर तिने लिहिलं होतं, 'एकही नाही.' आणि प्रत्येकाखाली चंद्रप्रकाशांची सही.

बायकोने बारा वर्षं खरं लिहिलं होतं. त्यांनी वाचलं नव्हतं, आणि कॉलेजातही कोणी वाचलं नव्हतं. चौदाच्या चौदा मुलं पास होऊन कधीच कामाला लागली होती.

त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"मी पंचेचाळीस लिहिणार नाही, बेला."

तिचा चेहरा उतरला. "सर, यंदा नवीन सर आलेत तिकडे. ते एकेक फॉर्म वाचतात. कमी दिवस असले तर वर्ष जाईल माझं. डॅडी आख्ख्या गावठाणाला सांगून बसलेत, पोरगी आर्किटेक्ट होतेय म्हणून."

"फॉर्म कधी द्यायचा?"

"पंधरा एप्रिलला."

कॅलेंडरवर रविवार सोडून सात दिवस उरत होते. "उद्यापासून ट्रेसिंग बंद," चंद्रप्रकाश म्हणाले. "सकाळी आठ वाजता साइटवर जायचं. सात आणि चार अकरा. मी अकरा लिहीन आणि तुझ्याबरोबर कॉलेजात येईन. पुढचं मी बघतो."

"पुढचं म्हणजे काय, सर?"

ते त्यांनाही माहीत नव्हतं. "बघतो म्हटलं ना," ते म्हणाले.

साइट मुलुंड पूर्वेला होती. तीन मजल्यांची इमारत, पहिल्या मजल्यापर्यंत आलेली. तिथले मिस्त्री गुणाजी परब मूळचे मालवणकडचे. साठी जवळ आलेली, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, कानावर पेन्सिल. वीस वर्षं ते चंद्रप्रकाशांच्या कामांवर होते.

पहिले दोन दिवस बेला नुसती मागे मागे फिरली. पाण्याच्या नळीने लेव्हल कशी काढतात ते बघितलं. दोरीवर पाय ठेवला म्हणून गुणाजींची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने टेप घेतली आणि तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जाणारा नवा जिना मोजला. हा जिना तिनेच शाईने काढला होता. मजल्याची उंची दहा फूट, वीस पायऱ्या, प्रत्येक पायरी बरोबर सहा इंच.

पहिली पायरी सात इंच भरली. मधल्या सगळ्या सहा. अगदी वरची, पाच.

तिने पुन्हा मोजलं. तेच आलं. मग तिने साइटच्या वहीत ठळक लिहिलं : 'जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी चुकली आहे. तोडून पुन्हा करावी.' खाली सही केली आणि ऑफिसात फोन लावायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

तासाभरात चंद्रप्रकाश येऊन पोचले. त्यांनी स्वतः टेप लावली. सात. पाच. त्यांचा पारा चढला.

"गुणाजी, हे काय? पोरीला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही? ड्रॉइंगमध्ये सहा इंच लिहिलंय ना?"

गुणाजी शांतपणे विडी विझवत म्हणाले, "सायबानू, तुमच्या कागदार लादी खंय आसा?"

"म्हणजे?"

गुणाजींनी बेलाला जवळ बोलावलं. "ये गो बाय. आता मनात लादी लाव. ह्या खालच्या जमनीर लादी येतली, तिच्याखाली शिमिटाचो माल येतलो. किती झाला?"

"अडीच इंच," बेला म्हणाली.

"आणि पायरीर?"

"पायरीवर कोटाची फरशी. खालचा माल धरून दीड."

"मगे? सहाची पायरी भरली आसती तर काय झाला आसता?"

बेलाने वही उलटी केली आणि मागच्या पानावर आकडे मांडले. जमीन अडीच इंच वर येणार, पायरी दीडच इंच. म्हणजे पहिली पायरी पाच इंचांची राहणार. वर त्याच्या उलट. शेवटच्या पायरीपेक्षा वरची जमीन एक इंच जास्त उचलली जाणार, म्हणजे ती पायरी सात इंचांची. आता गुणाजींनी भरलेली पहिली सात इंच. त्यातला एक इंच जमीन खाणार. राहिली सहा. वरची पाच, तिला एक इंच मिळणार. सहा.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "सर, फरशा लागल्यावर सगळ्या सहाच्या होतात. चुकलंय ते आपलं ड्रॉइंग."

चंद्रप्रकाशांनी आकडे पुन्हा तपासले. हा जिना बेलाने ट्रेस केला होता, पण मूळ ड्रॉइंग त्यांचं होतं. गेली वीस वर्षं ते असेच जिने काढत आले होते, काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत, आणि प्रत्येक इमारतीत पूर्ण झाल्यावर पायऱ्या सारख्या असायच्या. त्यांना वाटायचं, ड्रॉइंग बरोबर म्हणून.

"गुणाजी, इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं!"

"माका कोणी इचारला कधी?" गुणाजी म्हणाले. "तुमी येतास, वर बघतास, खाली बघतास, बरा झाला म्हणतास, जातास. ह्या पोरीन निदान वहीत लिवला तरी, तोडा म्हणान." आणि ते मोठ्याने हसले. "तोडूचा काय मगे, बाय?"

"नको, नको," बेला लाजून म्हणाली. "मी खोडते ते."

"खोडू नको," चंद्रप्रकाश म्हणाले. "त्याच्याखाली खरं काय ते लिही. आणि उद्या नवीन ड्रॉइंग कर, लादी दाखवून. मी वाचून सही करीन."

पुढचे चार दिवस बेलाला घरी जायला सांगावं लागत होतं. दुसऱ्या जिन्याच्या खुणा भिंतीवर तिनेच मारल्या. गुणाजींनी त्या तपासल्या, एका खुणेला 'ही दोन सूत खाली घे' म्हणाले, म्हणजे जेमतेम पाव इंच, आणि बाकी काहीच बोलले नाहीत. गुणाजी काही बोलले नाहीत म्हणजे काम पसंत पडलं, हे तिला तोवर कळलं होतं.

पंधरा तारखेला तिघं कॉलेजात गेली. मुलगी साइटवर होती हे सांगायला माणूस हवा म्हणून चंद्रप्रकाशांनी गुणाजींनाही घेतलं होतं. गुणाजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. पहिल्या मजल्यावर पोचताना चंद्रप्रकाशांचा पाय अडखळला आणि हातातली फाइल पडता पडता वाचली.

"सांभाळून," दारात उभे असलेले नवे प्राध्यापक शिवदास कामतेकर म्हणाले. "तिथे सगळेच अडखळतात."

कामतेकर चाळिशीचे, चष्म्यातून रोखून बघणारे. त्यांनी फॉर्म घेतला आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "अकरा? नेरूरकर, किमान पंचेचाळीस लागतात. हा मी घेऊ शकत नाही."

"पंचेचाळीस लिहिले असते तर घेतला असतात?"

"अर्थात."

"न विचारता?"

चंद्रप्रकाशांनी चौदा कार्बन कॉप्या टेबलावर ठेवल्या. "हे तुमच्याच कॉलेजातले. सहा, नऊ, तीन. हा एकही नाही. सगळे तुमच्या ऑफिसनं घेतलेत."

"ही काय धमकी आहे?" कामतेकरांचा आवाज वाढला. "मी इथे जूनमध्ये आलो. चौदा जणांच्या पदव्या आता काढून घेऊ का?"

"धमकी नाही. खाली सही माझी आहे. मी वाचलं नाही आणि तुमच्या लोकांनीही वाचलं नाही. लिहिणारीनं तेवढं खरं लिहिलं."

"कोणी लिहिलं हे?"

"माझ्या बायकोनं. ती आता नाही."

कामतेकरांनी कागद एकेक करून बघितले. मग चष्मा काढून पुसला. "मला वाईट वाटतं, नेरूरकर. पण अकरा दिवसांत साइटवर काय शिकणार कोणी? नियम उगाच नाही केलेला. मी हिला सोडलं तर उद्या सगळे अकराच घेऊन येतील."

चंद्रप्रकाशांना ते पटलं. तेवढ्यात बेला बोलली.

"सर, आपल्या कॉलेजच्या जिन्याची ती शेवटची पायरी सात इंचांची असणार."

"काय?"

"आणि खालची पहिली पाच इंचांची. म्हणून सगळे वर आल्यावर अडखळतात. मी चार वर्षं अडखळतेय, मला वाटायचं माझंच लक्ष नसतं."

"मोजलीस कधी?"

"मोजलेली नाही, सर. पण असणार."

कामतेकर उठले. ड्रॉवरमधून त्यांनी टेप काढली आणि बाहेर गेले. वरच्या पायरीशी ते स्वतः गुडघ्यावर बसले. सात इंचाला एक सूत कमी. मग चौघं खाली गेली. पहिली पायरी सव्वापाच. मधल्या त्यांनी तीन ठिकाणी मोजल्या, सगळ्या सहाच्या आसपास. वर्गात जाणारी मुलं बाजूने वाट काढत बघत होती, सर पायरीवर बसून काय करताहेत.

"का?" कामतेकरांनी विचारलं.

बेलाने सांगितलं. लादी, माल, कोटा, अडीच, दीड. खडू मागून तिने भिंतीवरच आकृती काढली, कच्च्या पायऱ्या एका रेषेत, फरशी लागलेल्या दुसऱ्या रेषेत. सांगताना ती एकदाही अडखळली नाही. कामतेकरांनी दोन प्रश्न मुद्दाम वाकडे विचारले. पहिल्याचं उत्तर तिने दिलं. दुसऱ्याला ती सरळ म्हणाली, "ते मला माहीत नाही, सर. गुणाजींना विचारावं लागेल."

कामतेकर वळले. "गुणाजी म्हणजे तुम्ही?"

"होय. आणि मी कित्याक नाय अडखळलंय म्हणान इचारशात," गुणाजी म्हणाले, "तर खालची बुटकी पायाक लागली तेव्हाच वळाखलंय, वरची उंच आसतली."

कामतेकरांना हसू आवरेना. ते पायरीवरून उठले, पँट झटकली. "मी स्वतः जिन्याचे तास घेतो," ते म्हणाले. "फळ्यावर. लादी मी पण कधी काढली नाही."

वर येऊन त्यांनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला. अकराच्या आकड्याला हात न लावता त्यांनी बाजूला लिहिलं : 'उरलेले चौतीस दिवस पुढच्या सत्रात त्याच साइटवर पूर्ण करावेत. तोपर्यंत विद्यार्थिनीचे वर्ष पूर्ण धरावे.' सही केली, शिक्का मारला. बेलाने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि तिथल्या तिथे तीनदा वाचला.

"पण एक आहे, नेरूरकर," कामतेकर म्हणाले. "हिच्या एकटीसाठी नियम वाकवला असं मला नको. तिसऱ्या वर्षाची एकवीस मुलं आहेत. ती पण तुमच्या साइटवर येतील. तुम्ही शिकवा."

"मी नाही. हे शिकवतील." चंद्रप्रकाशांनी गुणाजींकडे हात केला. "मी बरोबर असेन. मलाही बरंच शिकायचं राहिलंय."

"चालेल. शनिवारचा तास मोकळा करतो."

"शनिवार नको," गुणाजी म्हणाले.

"का?"

"शनवारी काय दाखवू पोरांका? भरलेलो जिनो? तो तुमच्याकडे पण आसा. दुसऱ्या मजल्याचो जिनो गुरवारी भरूचो आसा. साच्याच्यो फळयो बुधवारी बसतल्यो. बघूचा आसला तर गुरवारी सकाळी सातांक येवा. नायतर पुढचो जिनो म्हयन्यान."

कामतेकरांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. "गुरुवारी सकाळी त्यांचा इतिहासाचा तास असतो."

"इतिहास खंय जाता?" गुणाजी म्हणाले. "काँक्रीट वाट बघणा नाय."

बेलाने तोंडावर हात धरला. कामतेकर टेबलावरची लाल पेन्सिल उचलून भिंतीपाशी गेले आणि गुरुवारच्या चौकोनावर काट मारली.

"सातला म्हणजे बरोबर सातला ना?" त्यांनी विचारलं.

"पावणेसातांक," गुणाजी म्हणाले. "आणि पोरांका सांगा, जुने कपडे घालून येवा."